गोवंडीहून परळ किती लांब?

नमस्कार मंडळी! आज मुंबईतली मोठी सरकारी आणि धर्मादाय हॉस्पिटलं नेमकी कुठे आहेत त्याबद्दल बोलायचंय. परळला केईएम, टाटा, वाडिया, सगळी एकमेकांपासून चालत जाण्यासारखी, आणि भायखळ्याला जेजे. जेजे 1845 चं, म्हणजे गिरण्यांच्याही आधीचं. केईएम 1926 चं, तेव्हा शहर माहीम-सायनपर्यंतच होतं, गिरण्या परळ-लालबागला, कामगार तिथल्याच चाळीत, मग हॉस्पिटलंही तिथेच झाली, बरोबरच होतं ते. पण 1957 ला हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत गेली, पुढे गिरण्या बंद पडल्या, चाळींच्या जागी टॉवर आले, आणि गरीब माणूस सरकत सरकत उपनगरात, गोवंडी, मानखुर्द, मालवणीला पोचला. हॉस्पिटलं मात्र राहिली तिथेच. महापालिकेची केईएम, नायर, सायन, कूपर ही चार मोठी धरली तर उपनगरात एकटं कूपर, तेही पार पश्चिमेला.

आता गोवंडीतल्या शिवाजीनगरात रात्री दोन वाजता एखाद्या बाईला कळा सुरू झाल्या असं समजा. जवळच्या हॉस्पिटलात नेलं की कितीदा ऐकायला मिळतं, बाळाला काचेत ठेवायची सोय नाही, मोठ्या हॉस्पिटलात न्या. सायनला बेड नसेल तर पुढे केईएम, आणि रिक्षा तर सायनच्या पुढे जातच नाही, परमिटच नाही शहरात, म्हणजे रस्त्यात उतरून टॅक्सी शोधायची, अशा अवस्थेत! 108 ला फोन जरूर करा, ती फुकट आहे, पण रस्ता तेवढाच राहतो ना.

डायलिसिसवाल्याचं तर आठवड्यातून दोन-तीनदा. सोबतीला घरातलं एक माणूस, त्याचीही रोजंदारी बुडते, जाताना हार्बरची गर्दी, कुर्ल्याला गाडी बदला, येताना पेशंटला उभं राहवत नाही. केस पेपर स्वस्त असेल हो, पण हा खर्च कोण मोजतं? मला या गोष्टीचा खरंच राग येतो.

महापालिकेचे वस्तीतले छोटे 'आपला दवाखाना' निघाले ते चांगलंच झालं, ताप-शुगरला उपयोग होतो, पण तिथे सिझेरियन होत नाही. म्हणून नगरसेवक दारात आले की नुसतं नवीन बिल्डिंग कधी असं विचारू नका. भूलतज्ज्ञ रात्रपाळीला आहेत का, सोनोग्राफी रोज चालू असते का, नवजात बाळांचा आयसीयू कधी सुरू होणार, हे विचारा, आणि उत्तर लेखी मागा.