बाळंतिणीच्या खोलीतले पहिले सहा आठवडे

नमस्कार श्रोतेहो. आजचं बोलणं बाळंतिणीसाठी आहे, आणि तितकंच तिच्या उशाशी बसलेल्या आईसाठी, सासूबाईंसाठी, आजींसाठी. बाळाला काय पाजायचं, काय लावायचं, दवाखान्यात कधी न्यायचं हे बहुतेक घरांत याच मंडळी ठरवतात. आपल्याकडच्या बाळंतपणाच्या रीतींत जपण्यासारखं पुष्कळ आहे. सव्वा महिना विश्रांती, ऊब, अंगाला तेल, पोटभर सकस जेवण, हे सगळं चालू ठेवा. मात्र बाळाच्या पोटात आईच्या दुधाशिवाय काही जाऊ देऊ नका, आणि त्याच्या नाकात, कानात, डोळ्यांत, बेंबीत काहीही घालू नका. तान्ह्या बाळांची बरीचशी दुखणी इथूनच सुरू होतात.

आधी दुधाचं बघू. बाळ जन्मल्यावर तासाभरात अंगावर घ्यायचं. सीझर झालं असेल तर आई शुद्धीवर असताना, नर्सच्या मदतीने, जमेल तितक्या लवकर. पहिले दोन-तीन दिवस येतो तो चीक. तो पिवळसर, दाट आणि थोडाच असतो. थोडा दिसला की घरात "दूधच उतरलं नाही" असं सुरू होतं आणि मध, साखरपाणी, पाणी घातलेलं गाईचं दूध पुढे येतं. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळेला जेमतेम चमचाभर मावतं, म्हणून तेवढा चीक पुरतो. वरचं पाजलं की बाळ छातीला ओढत नाही, आणि ओढलं नाही की दूध वाढत नाही. मधाचं तर बोटसुद्धा चाटवू नका. त्यात बोट्युलिझमचे जंतू सुप्त अवस्थेत असू शकतात. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते वाढतात आणि बाळाचं अंग लुळं पडतं. बाळगुटीही नको. सहाण, पाणी, उगाळणारे हात यांतून जंतू पोटात जातात, आणि जायफळ जास्त उगाळलं गेलं तर बाळ गुंगतं. गुंगलेलं बाळ पीत नाही.

छातीला लावण्याची पद्धत नीट समजून घ्या, कारण निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. आईने पाठीला टेकण घेऊन बसावं. बाळाचा कान, खांदा आणि कंबर एका रेषेत हवी, पोट आईच्या पोटाला लागलेलं हवं, नुसती मान वळवलेली नको. बोंडी बाळाच्या वरच्या ओठाला लावा आणि थांबा. जांभई दिल्यासारखं तोंड मोठं उघडलं की बाळालाच छातीकडे आणा. आईने पुढे वाकायचं नाही. आता बघा: हनुवटी छातीला टेकली आहे, खालचा ओठ बाहेर वळला आहे, बोंडीभोवतीचा काळा भाग ओठांच्या वर जास्त आणि खाली कमी दिसतो आहे, आणि बाळ गिळल्याचा आवाज येतो आहे. असं असेल तर दुखणार नाही. पहिली काही ओढ सोडून पुढेही दुखत राहिलं तर बाळाने नुसती बोंडी धरली आहे. ती तशीच ओढून काढू नका. तोंडाच्या कोपऱ्यात स्वच्छ करंगळी घालून पकड सोडवा आणि पुन्हा लावा. बोंडीला चिरा पडतात त्या याच चुकीने. चिरेवर शेवटचे दुधाचे थेंब लावून वाळू द्या.

चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजायचं, रात्रीही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती दगडासारखी होते. तेव्हा पाजणं बंद करायचं नाही. पाच मिनिटं गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने शेकावं, थोडं दूध हाताने काढावं, म्हणजे काळा भाग मऊ होऊन बाळाला धरता येतो. लहान बाळ ओढत नसेल तर काढलेलं दूध स्वच्छ उकळलेल्या बोंडल्याने किंवा वाटी-चमच्याने पाजा, बाटलीने नको.

दूध पुरतं आहे का, हे रडण्यावरून ठरवू नका, लंगोट मोजा. पहिल्या दिवशी एक ओला, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, आणि सहाव्या दिवसापासून रोज किमान सहा. दिवसभर डायपर असला की हा हिशेब लागत नाही. पहिला महिना सुती लंगोटच बरे. शी आधी काळी चिकट, मग हिरवट, चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी झाली पाहिजे. पाचव्या दिवशीही काळीच असेल तर दूध कमी पडतं आहे. वजन पहिल्या आठवड्यात थोडं उतरतं: तीन किलोच्या बाळाचं दोनशे ते तीनशे ग्रॅमपर्यंत. दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर यावं आणि पुढे रोज वीस ते तीस ग्रॅम वाढावं.

आता कावीळ. निम्म्याहून जास्त बाळं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडी पिवळी दिसतात आणि दोन आठवड्यांत सुधारतात. पण पहिल्या चोवीस तासांत दिसलेली कावीळ साधी नसते, त्याच दिवशी रक्त तपासायला हवं. रोज सकाळी बाळाला खिडकीजवळ घ्या, ट्यूबलाइटखाली नको. कपाळावर, छातीवर, पायावर बोटाने दाबून सोडा आणि खालची कातडी बघा. पिवळेपणा तोंडापासून खाली उतरत जातो. तळहात-तळपाय पिवळे दिसले तर लगेच निघा. उन्हात ठेवून वाट बघू नका. कोवळ्या उन्हाने वाढलेली कावीळ उतरत नाही आणि बाळ मात्र गार पडतं किंवा तापतं. दवाखान्यातल्या निळ्या दिव्याखाली ती उतरते. उशीर झाला तर तो पिवळा घटक मेंदूत साचतो, आणि ते नुकसान भरून येत नाही. पिवळं आणि झोपाळू बाळ घरात कौतुकाचा विषय होतं, "किती शांत आहे, रडत नाही" म्हणून. आजी, असं बाळ दोन वेळा पाजायला उठवूनही पीत नसेल तर तो धोका समजा. आईचा रक्तगट निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असेल तर पुढच्या बाळाची अशी कावीळ टाळणारं अँटी-डी इंजेक्शन आईला ७२ तासांत मिळालं का, हेही विचारून घ्या.

बेंबी कोरडी आणि उघडी ठेवा. लंगोट तिच्या खाली बांधा. हळद, एरंडेल, राख काही नको. ती पाच ते पंधरा दिवसांत आपोआप गळते. भोवती लाली, पू किंवा घाण वास आला तर दवाखाना. काजळही नको, त्यात शिसं असू शकतं, आणि बोटाने डोळ्यात जंतू जातात.

पहिली अंघोळ चोवीस तासांनंतर. अडीच किलोच्या आतल्या बाळाला बेंबी पडेपर्यंत आणि वजन वाढेपर्यंत नुसतं पुसून घ्या. मालिश खोबरेल तेलाने, हलक्या हाताने. नाकात, कानात तेल सोडू नका. नाकातलं तेल फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. न्हाऊ घालणाऱ्या मावशींना आधीच सांगून ठेवा की छाती पिळायची नाही, नाकात फुंकायचं नाही, टाळू दाबायची नाही. मुलगा असो की मुलगी, बाळाची छाती काही दिवस सुजते, ती आईच्या संप्रेरकांमुळे. पिळली की पू होतो. मुलीला पहिल्या आठवड्यात दोन-चार थेंब रक्त दिसलं तर त्याचंही कारण तेच.

ऊब द्यायची कशी, यावर जरा जास्त बोलायला हवं. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात खोली दमट असते आणि लंगोट वाळत नाहीत, म्हणून बाजेखाली कोळशाची शेगडी येते, वर ओवा-बाळंतशेपांची धुरी. दारं-खिडक्या बंद करून पेटवलेल्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि आई-बाळ दोघंही झोपेतच बेशुद्ध होऊ शकतात. धुराने तान्ह्याच्या श्वासनळ्या सुजतात. खोली तापवायचीच असेल तर आधी तापवा, शेगडी बाहेर काढा, धूर जाऊ द्या, मग बाळ आत आणा. लंगोट चुलीवर धुरात वाळवण्यापेक्षा इस्त्री करा. सर्वांत चांगली ऊब आईच्या छातीची: बाळाला फक्त टोपडं आणि लंगोट, उघडं अंग आईच्या उघड्या छातीवर, वरून लुगडं किंवा शाल. कमी वजनाच्या बाळाला तर दिवसाचे जितके तास जमतील तितके असं ठेवा. बाळाचं पोट आणि पाऊल हाताला लावून बघा. दोन्ही कोमट असतील तर ठीक. पोट कोमट, पाय गार असतील तर ऊब कमी पडते आहे. दोन्ही गार असतील तर छातीला लावून तसंच दवाखान्यात न्या. याउलट अथणी, चिकोडीकडच्या उन्हाळ्यात कुंची आणि दोन दुपटी गुंडाळलेलं बाळ तापतं. मोठ्यांना जेवढे कपडे लागतात त्याहून एखादाच जास्त, एवढंच ठेवा. झोपवताना पाठीवर, बाजूला उशा-रजया नकोत.

बाळंतिणीचं पाणी तोडू नका. "पाणी प्यायलं की पोट सुटतं" हे खरं नाही; तहान लागेल तेवढं तिने प्यावं. पहिले सहा महिने तिला रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात: म्हणजे एक-दीड भाकरी, वाटीभर आमटी किंवा उसळ, आणि एक पेला दूध नेहमीपेक्षा जास्त. अळीव, डिंक, मेथी आवडीने खावं, पण डाळ, भाजी, अंडं बंद करून फक्त भात-तूप देऊ नये. लोहाची गोळी रोज एक, कॅल्शियमच्या दिवसाला दोन, सहा महिने. दोन्ही एकाच वेळी घेऊ नका, लोह अंगी लागत नाही.

अंगावरून जाणं पहिले तीन-चार दिवस लाल, मग तपकिरी, मग पांढरट होत सहा आठवड्यांत थांबतं. तासाभरात पॅड पूर्ण भिजला, गाठी पडल्या, घाण वास आला, ताप आला, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखली तर थांबू नका. रक्तस्राव किती आवरता येतो हे आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत दिसलं आहे. बेळगावच्या जेएनएमसी या मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या नर्सताईंसह १६२० बाळंतिणींवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंत होताच मिसोप्रोस्टॉलच्या, म्हणजे गर्भाशय आवळून रक्त आवरणाऱ्या, गोळ्या दिलेल्यांत जास्त रक्तस्राव ६.४ टक्के, न दिलेल्यांत १२ टक्के. तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येतं, ते नैसर्गिक आहे. दोन आठवड्यांनंतरही रडू, झोप नाही, बाळाकडे बघावंसं वाटत नाही, असं असेल तर तिला बोल लावू नका. टेली-मानस या मनाच्या आरोग्यासाठीच्या सरकारी फोनसेवेचा नंबर १४४१६, मोफत आहे, तिथे बोला.

बाळासाठी धोक्याच्या खुणा: पिणं सोडणं, झटके, छातीचा खालचा भाग आत ओढला जाणं, शांत असताना मिनिटात साठ किंवा जास्त श्वास, अंग तापणं किंवा गार पडणं, हलवल्याशिवाय हालचाल नसणं. यातली एकही दिसली तर १०८ ला फोन करा. सरकारी दवाखान्यात आजारी तान्ह्याचे उपचार आणि नेणं-आणणं मोफत आहे. बेळगावच्या बिम्स रुग्णालयात नवजात बाळांचा खास कक्ष आहे.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते. बाळाचं वजन आणि ताप बघते. आपल्याकडे सासर निपाणीला आणि माहेर गडहिंग्लज-चंदगडला, असं नेहमीचंच. अशा वेळी जिथे बाळंतीण राहणार तिथल्या आशाताईला आधीच कळवा, नाहीतर दोन्हीकडच्या वहीत ती दुसरीकडे असते आणि कोणीच येत नाही. तायी कार्ड, म्हणजे कर्नाटकातलं आई-बाळाच्या नोंदींचं कार्ड, सोबत ठेवा. बीसीजी, पोलिओ, हिपॅटायटिस-बी यांच्या तारखा त्यावर लिहून घ्या. पुढच्या लसी दीड महिन्याला, त्या कर्नाटक-महाराष्ट्र सीमेच्या अलीकडे-पलीकडे कुठेही मिळतात. जन्माची नोंद मात्र जिथे बाळ जन्मलं तिथेच होते, २१ दिवसांच्या आत. कोल्हापुरात जन्मलेल्याची नोंद कोल्हापुरात, घर निपाणीत असलं तरी. बारशाचं नाव ठरायचं असेल तरी नोंद थांबवू नका. नाव वर्षभरात फी न भरता नंतर घालता येतं.