पडणाऱ्याकडे बघा

(वाचनालयाच्या हिवाळी व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. 'रेसलिंग पुन्हा का बघावं' असा विषय बाहेर फळ्यावर लिहिलाय. खरं सांगायचं तर तो मी एकाच माणसासाठी घेतला. तो तिसऱ्या रांगेत बसलाय. नाव सांगत नाही, पण ज्यांच्या दप्तरात एके काळी ट्रम्प कार्डांचा गठ्ठा असायचा ते सगळे त्याच्याच पंगतीतले. हात वर करा बघू? बघा, निम्मं सभागृह झालं! उंची, वजन, छाती, दंड, लढलेल्या कुस्त्या, जिंकलेल्या कुस्त्या, सगळं तोंडपाठ. आमच्या गल्लीत ह्याच्याइतका कट्टर कुणी नव्हता. आणि गेली पंचवीस वर्षं ह्याने एकही मॅच पाहिलेली नाही. आज त्याला परत आणायचं, असं ठरवून आलोय. व्यवस्थापकांनी पन्नास मिनिटं दिलीत.

सोडून गेलेल्या माणसाला विचारलं की तो एकच उत्तर देतो, 'अरे, खोटं असतं ते.' याला आपल्याकडे फार जुना शब्द आहे. नुरा. आधी ठरवून केलेली कुस्ती ती नुरा कुस्ती. आता वर्तमानपत्रं तो शब्द राजकारण्यांसाठी वापरतात, पण तो मैदानातला आहे, आणि मैदानात ती शिवी आहे. असायलाच हवी. पत्रकावर 'निकाली कुस्ती' छापायची, लोकांनी गाड्या करून यायचं, फडात उन्हात बसायचं, आणि दोघांनी आतून संगनमत करून खडाखडी करत बसायचं, ही फसवणूक आहे. माझं त्यावर काहीच म्हणणं नाही.

पण तिकडे फसवणूक कुठे आहे? 1989 साली, टीव्हीवर आपण बघायचो ते रेसलिंग चालवणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूएफ कंपनीच्या लोकांनी अमेरिकेत न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे स्वतःच सांगितलं की आमचं हे मनोरंजन आहे, खरी स्पर्धा नाही. क्रीडा आयोगाची देखरेख आणि कर यातून सुटका हवी होती, म्हणून सांगितलं. हेतू पैशाचा होता, पण सांगितलं उघडपणे. म्हणजे आम्ही इकडे तिथल्या एका पैलवानावरून, 'अंडरटेकरला सात जन्म आहेत' यावर भांडत होतो, तेव्हा त्या गोष्टीला काही वर्षं होऊन गेली होती. सात जन्मांवरून आठवलं. 1996 च्या एका हिंदी सिनेमात अक्षय कुमारशी भिडलेला अंडरटेकर आठवतो? तो खरा अंडरटेकर नव्हता. ब्रायन ली नावाचा पैलवान होता तो. आणि गंमत म्हणजे 1994 मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफने खऱ्या अंडरटेकरसमोर जो नकली अंडरटेकर उभा केला होता, तोही हाच. दोन्हीकडे नकली म्हणून एकच माणूस! हे मला कळलं त्या दिवशी मी ह्याला फोन केला होता. ह्याने 'बरं' म्हणून ठेवून दिला.

असो. आता माझ्या आजोबांची गोष्ट सांगतो, कारण मी आज जे काही बोलणार आहे ते सगळं त्यांच्याकडून आलंय.

आजोबा तालमीतले. नाव झालेले पैलवान नव्हते, पण गावच्या जत्रेत चांगल्या जोडीत लढलेले. कोल्हापूरच्या खासबागेत मोठी कुस्ती असली की चुकवायचे नाहीत. शाहू महाराजांनी बांधलेलं ते मैदान, कुठेही बसा, हौदातल्या पैलवानाचा पंजा दिसतो. मुंबईत त्यांचे थोरले भाऊ गिरणीत होते. त्यांच्याकडे राहायला गेले असताना वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर त्यांनी दारासिंग आणि किंगकाँगची कुस्ती पाहिली होती. फ्रीस्टाइल म्हणायचे तिला. परत येऊन गावात सांगितलं, 'नुरा हाय.' एवढंच. पण दारासिंगचा फोटो मात्र पुढे कायम भिंतीवर होता.

तर आमच्याकडे नव्वदच्या दशकात केबल आली. केबलवाला दुपारी सिनेमांच्या कॅसेट लावायचा आणि आम्ही पोरं मागे लागलो की रेसलिंगची. एका रविवारी त्याने रेसलमेनिया दहाची लावली, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमाची. 20 मार्च 1994, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. पहिलीच मॅच ब्रेट हार्ट आणि ओवेन हार्ट. सख्खे भाऊ. आम्ही दोघं सतरंजीवर पोटावर पडून बघत होतो, आजोबा मागे खाटेवर सुपारी कातरत होते. मी वळून सांगितलं, 'आजोबा, भाऊ-भाऊ आहेत खरे.' त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

एका मिनिटात म्हणाले, 'नुरा हाय.' आमची तोंडं उतरली. पण ते उठून गेले नाहीत. बघत राहिले. मध्येच विचारलं, 'ह्यांची तालीम कुठली?' तेव्हा मला सांगता आलं नाही. आज सांगता येतं. कॅनडात कॅलगरी शहरात त्यांचे वडील स्टू हार्ट राहायचे. पोटी बारा लेकरं, ओवेन सगळ्यात धाकटा. घराच्या तळघरात वडिलांनी गाद्या अंथरून तालीम केली होती, तिला सगळे डंजन म्हणायचे. वडीलच वस्ताद. पकड अशी घालायचे की शिकणाऱ्याची किंचाळी वरच्या मजल्यावर ऐकू जायची, असं तिथे शिकलेले पैलवान सांगतात. आजोबांना हे ऐकून फार बरं वाटलं असतं. आपल्याकडचीच गोष्ट आहे ती, फक्त माती नाही, गादी.

मॅचच्या शेवटी ब्रेट ओवेनच्या खांद्यांवर चढला, तिथून त्याला गुंडाळून चीत करायला निघाला, आणि ओवेनने खाली बसून त्यालाच दाबला. एक, दोन, तीन. धाकट्याने थोरल्याला पाडलं. आम्ही ओरडलो. ओवेन खलनायक होता, तरी हा आनंदाने नाचला, कारण घरात हाही धाकटाच. तेव्हा आजोबा बोलले ते वाक्य मी विसरलेलो नाही. म्हणाले, 'अरं, जिंकनाऱ्याकडं काय बघतोस? पडनाऱ्याकडं बघ. त्यो कसा पडतोय त्यावर समदं हाय.'

आणि मग त्यांनी आम्हाला शिकवलं. हनुवटी छातीला चिकटवलीय बघ, डोकं आपटू नये म्हणून. दोन्ही हात पसरून एकदम टेकवतोय बघ, मार सगळ्या पाठीवर वाटला जावा म्हणून. उचलणाऱ्याने उचललं असं दिसतं, पण उडी पडणाऱ्याने मारलीय. त्या रिंगणात कापडाखाली पातळ फोमचा थर असतो, त्याखाली लाकडी फळ्या आणि लोखंडी सांगाडा. आपल्या हौदातली माती तर ताक, तेल, हळद घालून मऊ केलेली असते! फळीवर रोज पाठ टेकवायची म्हणजे काय, हे त्या म्हाताऱ्याला बसल्या जागी कळलं होतं.

त्याच रात्री ब्रेटची दुसरी मॅच होती, योकोझुनाशी, किताबाची. ब्रेट लंगडत आला. पहिल्या मॅचमध्ये पायाला लागल्याचं दाखवलं होतं, म्हणून. आजोबा खूश झाले. 'नुरा हाय, पन पाय इसरला न्हाय गडी,' म्हणाले. त्यांच्या तोंडून नुरेचं कौतुक मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. त्या दिवसापासून ते दर रविवारी आमच्याबरोबर बसायला लागले. टाळी कधी वाजवली नाही. पण एखादा चांगला पडला की 'वा' म्हणायचे.

मी तेव्हापासून पडणाऱ्याकडे बघतोय. त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण आता सांगतो, आणि त्यातही ओवेनच आहे. 3 ऑगस्ट 1997, समरस्लॅम नावाचा कार्यक्रम. ओवेन विरुद्ध स्टोन कोल्ड स्टीव ऑस्टिन. ऑस्टिन जिंकणार हे ठरलेलं. ओवेनने त्याला उलटा धरला, डोकं खाली, आणि तसाच खाली बसला. पाइलड्रायव्हर म्हणतात तो डाव. ऑस्टिनचं डोकं जेवढं वर असायला हवं होतं तेवढं नव्हतं. ते सरळ फळीवर आदळलं. मान गेली. त्याला काही वेळ हातपाय हलवता येईनात.

आता विचार करा. हजारो लोक बसलेत, घराघरात थेट दिसतंय, आणि एक माणूस रिंगणात निपचित पडलाय. ओवेनला कळलं. त्याने काय केलं? प्रेक्षकांकडे वळून त्यांना चिडवायला सुरुवात केली. दात काढून, छाती काढून, इकडून तिकडे. लोकांना वाटलं हा माज करतोय. तो वेळ काढत होता. समोरच्याला श्वास घ्यायला, बोटं हलतात का बघायला. मग ऑस्टिन कोपरांवर सरपटत आला, ओवेनच्या पायाला कसंबसं गुंडाळलं, आणि ओवेन पडला. त्या पकडीत जोर काहीच नव्हता, एखाद्या पोराने सोडवून घेतली असती. ओवेन तीन मोजेपर्यंत पाठ टेकवून राहिला. मंडळी, ही नुरा आहे. निकाल आधी ठरलेला आहे. पण त्या मिनिटात खोटं काय होतं, ते मला कुणीतरी दाखवून द्यावं. चूक ओवेनचीच होती, हेही खरं. ऑस्टिनची मान पुढे कधीच पूर्वीसारखी झाली नाही आणि 2003 मध्ये त्याने रोजची कुस्ती सोडली. पण पडणाऱ्याकडे बघा म्हणतो ते यासाठी.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणतायत. दहाच? बरं. मग मूळ विषय आता पटापट सांगतो.

(तिसऱ्या रांगेकडे पाहून) तू खोटं म्हणून सोडलं नाहीस. ते तू लोकांना सांगतोस. 23 मे 1999 ला कॅन्सस सिटीत ओवेनला छतावरून दोरीने खाली सोडणार होते, खेळाचा देखावा म्हणून. मध्येच हुक सुटला आणि तो रिंगणावर कोसळला. ओवेन गेला. आणि कंपनीने कार्यक्रम थांबवला नाही, पुढच्या मॅच त्याच रिंगणात झाल्या. आपल्याला ते उशिरा कळलं. तू कार्डांचा गठ्ठा मला देऊन टाकलास आणि ओवेनचं कार्ड ठेवून घेतलंस. मला माहीत आहे. त्या रागाला माझ्याकडे उत्तर नाही आणि मी ते शोधतही नाही. तो राग बरोबर आहे. 2007 मध्ये ख्रिस बेन्वा या पैलवानाने घरी बायको-मुलाला मारून स्वतःचा जीव घेतला, त्यानंतर आणखी कित्येकांनी पाठ फिरवली, तेही बरोबर होतं.

मी फक्त पुढचं सांगतो. 2010 पासून तिथे डोक्यात खुर्ची मारायला बंदी आहे. मेंदूच्या दुखापतीची तपासणी होते. सगळं सुधारलंय असं नाही. हे पैलवान आजही कंपनीचे नोकर धरले जात नाहीत, कंत्राटदार धरले जातात, त्यांची संघटना नाही, आणि यावर बोलायला मला वेगळा तास हवा. पण पडणं पूर्वीपेक्षा सुरक्षित झालंय आणि, माझ्या मते, जास्त चांगलंही.

बायकांची कुस्ती. आपल्या वेळी मध्यंतरासारखी असायची. 2019 च्या रेसलमेनियात शेवटची, मुख्य मॅच बायकांची झाली, बेकी लिंच जिंकली. ती बघ.

कोडी रोड्स बघ. जुन्या काळातला पैलवान डस्टी रोड्स, त्याचा मुलगा, प्लंबरचा नातू. डस्टीला डब्ल्यूडब्ल्यूएफचा मोठा किताब कधीच मिळाला नाही. 2022 च्या जूनमध्ये कोडीच्या छातीचा स्नायू फाटला होता. कोट काढला तर अर्धी छाती काळीनिळी. तसाच वीस मिनिटांहून जास्त लढला. ते लढायला नको होतं असं माझं मत आहे, पण तो प्रत्येक वेळी कोणत्या हातावर पडतो ते बघ. मग 2023 ला रेसलमेनियात रोमन रेन्सकडून हरला, आणि 7 एप्रिल 2024 ला फिलाडेल्फियात त्याच रोमनला पाडून बापाचा राहिलेला किताब आणला. रोमनकडे तो 735 दिवस होता. असं वर्षानुवर्षं चालणारं कथानक आपल्या वेळी नव्हतं रे.

मिनिट? एकच मिनिट द्या. ज्यासाठी आलो ते राहिलंय.

केव्हिन ओवेन्स नावाचा पैलवान आहे, कॅनडाच्या क्युबेकचा. हे त्याचं जन्माचं नाव नाही. त्याच्या मुलाचं नाव ओवेन, म्हणून त्याने ओवेन्स घेतलं. आणि मुलाचं नाव ओवेन का, तर ओवेन हार्टवरून. ऐकतोयस ना? तू सोडलंस त्यानंतरही निवेदक भरल्या स्टेडियममध्ये ते नाव पुकारत आलेत.

28 जानेवारी 2023, रॉयल रम्बल नावाचा कार्यक्रम, सॅन अँटोनिओ. शेवटची मॅच संपल्यावर हा केव्हिन दोरांना बेड्यांनी बांधलेला आहे. रोमन केव्हिनच्या जुन्या मित्राच्या, सॅमी झेनच्या हातात खुर्ची देतो, मार म्हणतो. कित्येक महिने सॅमी रोमनच्या घराण्याच्या टोळीत शिरायला धडपडलाय. तो खुर्ची घेऊन उभा राहतो. कुणीच पडत नाही, बराच वेळ. पुढचं मी सांगत नाही.

आता रॉ आणि स्मॅकडाउन हे दर आठवड्याचे कार्यक्रम नेटफ्लिक्सवर येतात, पण ते नंतर. हा शेवटचा तुकडा माझ्या लॅपटॉपवर आहे. चहा मागच्या खोलीत ठेवलाय, तिथेच लावतो. बाकीच्यांनी यायला हरकत नाही, पण खाटेशेजारची जागा ह्याची आहे. धन्यवाद.