फलकाचे छायाचित्र आणि फेरफाराचा माग
बेळगावच्या गणपत गल्लीत किंवा खडेबाजारात दुकानाच्या फलकावर कोणत्या भाषेची ओळ वर आणि कोणती खाली, हा सीमाभागात साधा प्रश्न नाही. २०१४ च्या जुलैमध्ये बेळगावजवळच्या येळ्ळूर गावातला ‘महाराष्ट्र राज्य’ हा फलक हटवला गेला तेव्हा गावकऱ्यांवर पोलिसांचा लाठीमार झाला, हे इथे कोणाला सांगावे लागत नाही. त्यामुळे मराठी ओळ पुसलेल्या एखाद्या फलकाचे छायाचित्र काळ्या दिनाच्या (१ नोव्हेंबर, कर्नाटक राज्य स्थापनेचा दिवस, जो सीमाभागातले मराठी भाषक निषेध म्हणून पाळतात) आदल्या रात्री निपाणीपासून खानापूरपर्यंत फिरू लागले, तर ओळ प्रत्यक्षात पुसली की फक्त छायाचित्रात, हे तातडीने कळणे गरजेचे ठरते.

छायाचित्रातली ओळ घालवण्यासाठी बहुधा त्याच फलकाचा कोरा तुकडा उचलून अक्षरांवर डकवलेला असतो. डोळ्यांना जोड दिसत नाही. परंतु जेपेग पद्धतीत चित्र आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकटींत साठवले जाते आणि डकवलेला तुकडा त्या जाळीत नेमका बसला नाही, तर चित्र पुन्हा साठवताना तेवढ्या जागेचे आकडे भोवतालाशी जुळेनासे होतात. शिवाय प्रत्येक कॅमेऱ्याच्या सेन्सरचा स्वतःचा सूक्ष्म, कायमचा नमुना चित्रभर पसरलेला असतो, तोही तिथे तुटतो.

असे माग ओळखायला न्यूरल नेटवर्क, म्हणजे थरांवर थर रचलेली संगणकीय गणनपद्धती, उदाहरणांवरून शिकते. ‘कासिया’ या चित्रसंग्रहाच्या दुसऱ्या आवृत्तीत त्यासाठी ७,४९१ अस्सल आणि ५,१२३ फेरफार केलेली चित्रे आहेत. अडचण अशी की नेटवर्कचे लक्ष चित्रातल्या माणसांकडे, घरांकडे, फलकांकडेच ओढले जाते. बायर आणि स्टॅम या संशोधकांनी २०१६ मध्ये त्यावर काढलेला तोडगा आम्हांला विशेष मार्मिक वाटतो: नेटवर्कच्या पहिल्या थराने प्रत्येक पिक्सेलचे मूल्य शेजाऱ्यांवरून ताडायचे आणि अंदाज व प्रत्यक्ष यांतला फरकच पुढे पाठवायचा. चित्राचा विषय असा बाजूला पडला की फेरफाराच्या खुणा वर येतात.

फलकांच्या बाबतीत मात्र जपून राहावे लागते, कारण पुनर्साठवणुकीतला फरक दाखवणाऱ्या जुन्या तपासणीत गडद अक्षरांच्या कडा, कन्नड असोत की देवनागरी, मुळातच उजळ दिसतात आणि अस्सल छायाचित्रावरही संशय येतो. त्यात व्हॉट्सअ‍ॅप छायाचित्र लहान करते, नव्याने दाबते आणि कॅमेऱ्याच्या नोंदी काढून टाकते. चार गटांतून फिरून आलेल्या प्रतीवर यंत्राने दिलेला कौल म्हणूनच कच्चा धरावा आणि छायाचित्र काढणाऱ्याकडून मूळ फाइल मागवावी, तीही ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलेली.