गोळी आधी, रायफल नंतर

श्रोतेहो, नमस्कार.

मी टेक्सासमधल्या लॅनो काउंटीतून बोलते आहे. ऑस्टिनहून वायव्येला निघालं की दीड तासात गुलाबी ग्रॅनाइटचे खडक लागतात, मेस्कीटची काटेरी झाडं लागतात, आणि मग आमचं गाव. हे गाव स्वतःला टेक्सासची हरणांची राजधानी म्हणवतं. आमची इथे अठरा एकर जमीन आहे आणि चाळीसेक शेळ्या आहेत. मूळची मी विदर्भातली. लहानपणी रोही, म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरं हरभऱ्यात शिरू नयेत म्हणून बाबांबरोबर जागलीला गेले आहे. राखण म्हणजे काय ते त्या मचाणावर कळलं. रायफल हातात घ्यायची वेळ मात्र इथे आल्यावर आली. एका फेब्रुवारीत कायोटींनी, म्हणजे इथल्या कोल्ह्यासारख्या जनावरांनी, आठ दिवसांत माझी पाच करडं नेली.

आज बोलायचं आहे ते रायफल निवडण्याबद्दल. अमेरिकेत थोडीफार जमीन घेतलेली आपली मंडळी मला नेहमी विचारतात, "ताई, एकच रायफल घ्यायची आहे. कायोटीलाही चालेल आणि नोव्हेंबरात हरणालाही. लहान कॅलिबरची, म्हणजे बारीक नळीची, खांदा न दुखवणारी. कुठली घेऊ?" भारतात ऐकणाऱ्यांसाठी आधीच सांगते, हे बोलणं अमेरिकेपुरतं आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, आणि पिकाचं नुकसान होत असेल तर दाद वनखात्याकडेच मागायची असते.

"कुठली रायफल" या प्रश्नाआधी एक प्रश्न येतो, तो म्हणजे "कुठली गोळी". हे मी फार महागात शिकले.

करडं गेल्यावर मी २२३ रेमिंग्टन या काडतुसाची रायफल घेतली. २२३ हे इंचाच्या हजाराव्या भागांतलं माप आहे, म्हणजे गोळी साधारण पाव इंचाहूनही बारीक. तिचं वजन ५५ ग्रेन. ग्रेन हा शब्द परका वाटत असेल तर सोनाराचा तराजू आठवा. जुना तोळा म्हणजे बरोबर १८० ग्रेन. तेव्हा ही गोळी तोळ्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही हलकी. पण ती सुटते सेकंदाला ३,२०० फुटांच्या वेगाने. धक्का नावापुरता, आवाज त्या मानाने कमी, काडतूस स्वस्त. कायोटी हे बारा-पंधरा किलोचं जनावर, त्याला ती पुरून उरली. मी खूश होते.

नोव्हेंबर आला. हरणाचा परवाना काढला होता. टेक्सासात हरणासाठी कॅलिबरची किमान मर्यादा नाही, फक्त रिमफायर काडतूस, म्हणजे बुडाच्या काठावर ठोका बसून पेटणारं, साधी २२ वगैरे, चालत नाही. म्हणजे माझी २२३ कायद्यात बसत होती. मी तीच रायफल आणि तीच काडतुसं घेऊन बसले. नव्वद यार्डांवर एक नर आला. मी खांद्यावर नेम धरला. गोळी लागली, तो कोसळला, उठला आणि पळाला.

शेजारचे रँचर आजोबा आणि मी बॅटरी घेऊन रात्री अकरापर्यंत रक्ताचे ठिपके शोधत फिरलो. ओढ्याच्या काठी तो सापडला तेव्हा जिवंत होता. तिथे दुसरी गोळी घालावी लागली. आजोबा मला एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी कातडं काढताना त्यांनी खांद्याचं हाड दाखवलं. गोळी तिथेच फुटून तिचा चुरा झाला होता, फुप्फुसापर्यंत काही पोचलंच नव्हतं. मग त्यांनी माझ्या काडतुसांचा डबा हातात घेतला आणि त्यावरच्या एका शब्दावर बोट ठेवलं: वार्मिंट. म्हणजे शेळ्या-कोंबड्यांना, पिकांना त्रास देणारं लहान जनावर.

त्या प्राण्याचे ते सहा तास माझ्यामुळे गेले. म्हणून हे मी इतकं पोटतिडकीने सांगते.

तर गोळीत फरक काय असतो? शिशाच्या गाभ्यावर तांब्याचं पातळ कवच असतं. वार्मिंटच्या गोळीचं कवच मुद्दाम फार पातळ ठेवतात. लागली की ती तिथल्या तिथे फुटते. कायोटी किंवा प्रेअरी डॉगसारखं (हा खारीच्या कुळातला, बिळात राहणारा प्राणी) जनावर जागीच मरतं, आणि गोळी जमिनीवर आपटून पुढे उसळण्याचा धोकाही कमी होतो. हरणाच्या गोळीकडून मागणी उलटी असते. तिने कातडं, बरगडी, प्रसंगी हाड भेदून आत जायचं, आत गेल्यावर फुलायचं, पण तुकडे व्हायचे नाहीत. जॉन नॉस्लर या अमेरिकन शिकाऱ्याच्या गोळ्या एका मूसवर, म्हणजे उत्तरेकडच्या प्रचंड हरणावर, अशाच अपुऱ्या पडल्या होत्या, आणि त्यातून त्याने मधे तांब्याचा पडदा असलेली पार्टिशन गोळी घडवली. १९४८ पासून ती विकली जाते आहे. पुढचा भाग फुलतो, पडद्यामागचा भाग शाबूत राहून खोल जातो. आज अशा टिकाऊ गोळ्या बऱ्याच कंपन्या करतात, कुणी शिसं कवचाला सांधून टाकतात, कुणी अख्खी गोळीच तांब्याची करतात.

मी आता हरणासाठी तांब्याचीच वापरते. मांस माझ्या घरात शिजतं, मुलं खातात, आणि फुटलेल्या शिशाचे कण जखमेपासून बरेच लांब पसरतात. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी वापरताच येत नाही. गिधाडांच्या कुळातला कॉन्डॉर तिथे शिसं पोटात जाऊन मरत होता, ते त्यामागचं मोठं कारण.

आता कॅलिबर. एकाच रायफलीत दोन्ही कामं हवीत ही मागणी जुनी आहे, आणि तिची एक गोष्ट मला फार आवडते. १९५५ साली अमेरिकेत दोन काडतुसं एकाच वर्षी बाजारात आली. विंचेस्टर कंपनीची २४३ आणि रेमिंग्टनची २४४. नावात एकाचा फरक, पण दोन्हींतली गोळी त्याच जाडीची, सहा मिलिमीटरची. रेमिंग्टनच्या काडतुसात दारू उलट किंचित जास्तच मावत होती. तरी विंचेस्टर जिंकलं आणि रेमिंग्टन मागे पडलं. का? नळीतल्या आट्यांमुळे. रायफलीच्या नळीत आतून पिळाचे आटे असतात, ते गोळीला भोवऱ्यासारखी फिरवतात, म्हणून ती सरळ जाते. लांब, जड गोळीला जास्त पीळ लागतो. रेमिंग्टनने ठरवलं की लोक ही बंदूक मुख्यतः लहान जनावरांसाठी घेतील, म्हणून १२ इंचांत एक फेरा असा सैल पीळ ठेवला आणि गोळ्या ७५ आणि ९० ग्रेनच्या दिल्या. विंचेस्टरने १० इंचांत एक फेरा ठेवला आणि लहान जनावरांसाठी ८० ग्रेन, हरणासाठी १०० ग्रेन अशी जोडी दिली. गिऱ्हाइकाला दोन्ही हवं होतं, ते विंचेस्टरकडे गेलं. रेमिंग्टनने १९६३ मध्ये तेच काडतूस नऊ इंचांच्या पिळासह सिक्स एमएम रेमिंग्टन या नव्या नावाने आणलं, पण तोवर २४३ घराघरांत पोचली होती.

माझी रायफलही आता २४३ आहे. शंभर ग्रेनची गोळी, म्हणजे अर्ध्या तोळ्याहून जरा जास्त, नळीतून निघताना साधारण १,९०० फूट-पाउंड ऊर्जा घेऊन जाते. माझ्या २२३ ची ऊर्जा १,३०० च्या आसपास होती. आणि खांद्याला बसणारा धक्का, तेवढ्याच वजनाच्या, थर्टी-ऑट-सिक्स या मोठ्या काडतुसाच्या रायफलीच्या मानाने, निम्म्याच्या आसपास. धक्क्याची भीती बसली की माणूस घोडा ओढताना डोळे मिटतो, रायफल हलते, आणि जनावर जखमी होऊन पळतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण त्याची किंमत जनावर मोजतं. मोठं कॅलिबर घेऊन घाबरत मारण्यापेक्षा सोसवेल ते घेऊन फुप्फुसावर नेम धरलेला बरा.

मग २२३ हरणाला अजिबात नको का? इथल्या डोंगराळ भागातली व्हाइटटेल हरणं उत्तरेकडच्या हरणांपेक्षा बरीच लहान असतात. जड, टिकाऊ गोळी, तिला पुरेल असा आठ-नऊ इंचांचा पीळ, शंभर यार्डांच्या आतलं अंतर आणि पक्का नेम असेल तर ती काम करते. माझ्या ओळखीचे लोक करतात. पण नवख्याला मी ती सुचवणार नाही, कारण तिच्यात चुकीला जागा नाही. शिवाय उद्या नोकरीमुळे राज्य बदललं तर? व्हर्जिनियात हरणासाठी किमान २३ कॅलिबर लागतं. कोलोराडोत किमान २४, गोळी किमान ७० ग्रेनची आणि शंभर यार्डांवर हजार फूट-पाउंड ऊर्जा. २२३ दोन्हीकडे बाद होते, २४३ दोन्हीकडे बसते. ओहायोत वेगळाच नियम आहे, तिथे हरणासाठी सरळ भिंतीचीच काडतुसं चालतात, बाटलीसारख्या निमुळत्या गळ्याची नाहीत. तेव्हा विकत घेण्याआधी आपल्या राज्याच्या वन्यजीव खात्याची यंदाची पुस्तिका वाचाच.

२४३ च्या पलीकडे पंचवीस-ऑट-सिक्स आहे, २००७ साली आलेली साडेसहा क्रीडमूर आहे. दोन्ही चांगल्या, पण कायोटीसाठी गरजेपेक्षा जास्त. एक मात्र लक्षात ठेवा. आपलं चितळ १९३२ च्या सुमारास टेक्सासात आणलं गेलं आणि आता आमच्या भागात मोकळं फिरतं. संध्याकाळी कुंपणापलीकडून त्याची साद आली की क्षणभर मला ताडोब्यात असल्यासारखं वाटतं. चांगल्या गोळीची २४३ त्याला चालते. पण दक्षिण टेक्सासात, किंग रँचच्या बाजूला, आपला रोहीही आहे, आणि तो दोनशे किलोंच्या वर जाणारा, जाड कातड्याचा प्राणी. त्याच्यासाठी कुणी बोलावलं तर ही रायफल घरी ठेवा.

आता मापाबद्दल, आणि हे विशेषतः बायकांसाठी सांगते. माझी उंची पाच फूट एक इंच. दुकानातल्या बहुतेक रायफलींत दस्त्याच्या टोकापासून घोड्यापर्यंत साडेतेरा इंचांच्या आसपास अंतर असतं. माझ्या हाताला ते जास्त होतं. मान ताणली जायची, दुर्बिणीत कडेने काळी सावली यायची, आणि मी वर्षभर समजत होते की मलाच नेम धरता येत नाही. साडेबारा इंचांचा दस्ता घेतला आणि त्याच आठवड्यात लक्ष्यावर लागलेल्या गोळ्यांचा पुंजका निम्म्यावर आला. अशा आखूड दस्त्यांना दुकानात 'यूथ' म्हणतात. मुलांसाठीचं म्हणून सोडून देऊ नका, खांद्याला लावून पाहा. वजन दुर्बिणीसह सात-आठ पाउंड असावं. जाड नळीच्या खास वार्मिंट रायफली नऊ-दहा पाउंडांच्या असतात. एका जागी बसून दिवसभर प्रेअरी डॉग मारणाऱ्याला त्या हव्यात, कारण बारीक नळी लवकर तापते. शेळ्यांमागे उतार चढणाऱ्याला नकोत. दुर्बीण तीन ते नऊ पट पुरे.

एक कायद्याची गोष्ट, जी आपल्या लोकांना फार कमी माहीत असते. ग्रीन कार्ड असेल तर रायफल घेता येते. पण एच-वन किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर संघराज्याच्या कायद्याने बंदूक वा काडतूस जवळ बाळगणं मूळात मना आहे. राज्याचा वैध शिकार परवाना असणं हा त्यातला एक अपवाद. मित्राच्या शेतावर सहज हातात घेतली, एवढ्यानेही अडचण होऊ शकते, आणि इथलं पुढचं सगळं आयुष्य त्यावर अडू शकतं. आधी वकिलाला विचारा. शिवाय टेक्सासात २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारीचं सुरक्षा प्रशिक्षण लागतं. जन्म आधीचा असला तरी ते करा. लक्ष्याच्या मागे काय आहे ते पाहिल्याशिवाय घोड्यावर बोट न्यायचं नाही, ही सवय तिथे लागते. आणि रायफल घरात येण्याआधी कुलपाची तिजोरी घरात यायला हवी.

शेवटचं काम दोन गोळ्यांचं. एकच रायफल हलक्या आणि जड गोळीला सारखी मारत नाही. कायोटीच्या ५८ ग्रेनवर लावलेला नेम हरणाच्या गोळीला दोन-तीन इंच चुकू शकतो, आणि हरणाच्या फुप्फुसांची जागा आहे ताटलीएवढी. म्हणून मी डब्यांना रंगीत पट्ट्या लावल्या आहेत, कायोटीला पिवळी, हरणाला लाल. आमचा हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी उघडतो. त्याच्या आदल्या आठवड्यात मी नेमबाजीच्या मैदानावर जाते, पिवळ्या डब्यातल्या तीन गोळ्या मारते, नळी गार होऊ देते, मग लाल डब्यातल्या तीन. दुर्बिणीची एक टिकटिक शंभर यार्डांवर पाव इंच सरकवते. फरक मोजून वहीत लिहिते आणि रायफल लाल डब्यावर लावून ठेवते.

काल जाऊन आले. पिवळ्यावरून लालवर यायला सात टिकटिक वर, एक डावीकडे. तुमच्या रायफलीचा आकडा वेगळा येईल, तो मैदानावर जाऊन काढा आणि दस्त्यावर चिकटवून ठेवा.

नमस्कार.