चार स्वर आणि एक बंदी

मंडळी, ही ‘श्चेद्रिक’ या युक्रेनी वृंदगीताची गोष्ट. 1876 साली रशियाच्या झारने जर्मनीतल्या एम्स इथून हुकूम काढला. युक्रेनी भाषेत पुस्तकं छापायची नाहीत, नाटकं करायची नाहीत, आणि स्वरलिपीखाली गाण्याचे शब्दही छापायचे नाहीत. हे शेवटचं कलम नीट पाहा. सूर छापायला हरकत नव्हती, भीती शब्दांची होती. 1881 मध्ये थोडी सूट मिळाली, तरी गाणी मंचावर म्हणायला गव्हर्नरची परवानगी लागायची. याच काळात युक्रेनी संगीतकार मिकोला लिसेंको लोकगीतं गोळा करत होते आणि 1893 पासून गायकवृंद घेऊन गावोगाव फिरत होते.

वृंदगानच का फोफावलं? ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये वाद्यं वाजत नाहीत, सगळी उपासना गळ्यावर चालते. त्यामुळे चार आवाजांत गाणारी माणसं आधीपासून तयार होती. पुढे नाव झालेले संगीतकार लेओन्तोविच आणि वृंदसंचालक कोशित्स हे दोघंही पाद्र्यांचे मुलगे, तिथल्याच शिक्षणात वाढलेले.

लेओन्तोविच यांचं ‘श्चेद्रिक’ घ्या. मूळ गाणं जुन्या दिनदर्शिकेतल्या नववर्षाच्या आदल्या संध्याकाळचं: चिमणीएवढी पाकोळी घरधन्याला हाक मारून सांगते, बाहेर ये, तुझ्या मेंढ्या व्याल्या आहेत. चाल फक्त चार स्वरांची, त्यातला एक दोनदा. आपल्या भाषेत, कोमल ग, रे, कोमल ग, सा. तीन मात्रांत बसवलेली: एक, अर्धी, अर्धी, एक. एवढंच पुन्हापुन्हा येतं. सोप्रानो, म्हणजे बायकांचे उंच आवाज, हळू आवाजात एकट्या सुरू करतात, मग आल्टो, म्हणजे बायकांचे खालचे आवाज, खालून पायरी-पायरीने उतरत येतात, मागून पुरुषांचे आवाज. चाल जागची हलत नाही, तिच्याखालची जमीन मात्र सरकत राहते. याला नुसतं लोकगीत म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. ही पक्की रचना आहे.

बसवताना घोटाळे ठरलेले. तोच स्वर फिरून म्हणताना कोमल गंधार उतरतो आणि अख्खा वृंद बेसूर होतो. सगळ्यांनी एकदम श्वास घेतला तर साखळी तुटते, म्हणून सोप्रानोंनी आळीपाळीने, शब्दाच्या मधे श्वास चोरायचा. आणि लय पळते. आवाज चढला म्हणजे लय चढली असं नाही, हे तालमीत वारंवार सांगावं लागतं.

डिसेंबर 1916 मध्ये कीव विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या वृंदाने कोशित्स यांच्या हाताखाली ‘श्चेद्रिक’ पहिल्यांदा गायलं. 1919 च्या सुरुवातीला युक्रेनी नेते पेत्ल्युरा यांच्या पुढाकाराने युक्रेनी प्रजासत्ताकाचा वृंद उभा राहिला, आणि कोशित्स तो घेऊन परदेशी निघाले. मे महिन्यात प्रागमध्ये पहिला कार्यक्रम झाला. नव्या राष्ट्राला जगाने ओळखावं यासाठी सरकारने गायक पाठवले! दौरा चालू असतानाच मायदेशी ते प्रजासत्ताक कोसळलं. जानेवारी 1921 मध्ये लेओन्तोविच यांना वडिलांच्या घरी सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या हस्तकाने गोळी घातली. ऑक्टोबर 1922 मध्ये ‘श्चेद्रिक’ न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गायलं गेलं, तेव्हा गाणारे बेवतन झालेले होते.

1936 मध्ये त्याला इंग्रजी शब्द मिळाले. त्यांत घंटा आल्या, पाकोळी आणि मेंढ्या गेल्या. नाताळात ही चाल कानावर पडली तर दुसऱ्या ओळीकडे लक्ष द्या: ‘प्रिलेतिला लास्तिवोच्का’, म्हणजे ‘पाकोळी उडत आली’, असं ऐकू आलं तर पाकोळी अजून तिथेच आहे.