मामा गेले म्हणजे कुणाचे मामा?

(पडद्यावर: निलंगा तालुक्यातलं एक गाव, सकाळची वेळ, कटिंगचं दुकान, शटर अर्धं वर)

आरशाच्या वर तीन फोटो आहेत. मधी शिवाजी महाराज, एका बाजूला गणपती आणि दुसऱ्या बाजूला फेटा बांधलेला एक पैलवान. पैलवानाच्या फोटोची काच कोपऱ्यात तडकलीय, तिथून ओल आत शिरली आणि बरोबर खांद्यावर पिवळा डाग पडलाय. दुकानदाराला म्हणलं काच तरी बदला की, तर म्हणाला, काढला होता बदलायला, पण पहिल्याच दिवशी तीन गिऱ्हाइकांनी विचारलं मामा कुठं गेले म्हणून, मग काय, होता तसाच परत खिळ्याला लावला.

हे मामा म्हणजे हरिश्चंद्र बिराजदार. रुस्तुम-ए-हिंद, म्हणजे कुस्तीतला देशपातळीवरचा किताब मिळवलेले. पण आमच्या भागात असं पूर्ण नाव कुणी घेत नाही, घेतलंच तर समजायचं हा माणूस बाहेरचा हाय, नाहीतर बँकेतला.

आता खरं सांगू का, आम्ही पोरं शाळेत असताना पैलवान म्हणलं की टीव्हीवरचे ते अमेरिकावाले, त्यांचे पत्ते मिळायचे दुकानात, कुणाची उंची किती, कुणाची छाती किती, त्यावर आमचा जुगार चालायचा. आजोबा एकदा मागं येऊन उभे राहिले, एक पत्ता हातात घेतला, उलटा करून बघितला, म्हणाले ह्याचा कान बघ. मला काही कळलं नाही. कान चांगलाच होता की. तर ते म्हणाले तेच म्हणतोय, चांगला हाय, फुटलेला नाही, म्हणजे ह्यानं कुस्ती केलीच नाही. नंतर कुठल्यातरी यात्रेत एका म्हाताऱ्या वस्तादाचा कान जवळून बघितला, पाळी पार मुडपलेली, सुजून गोळा झालेली, आत बोट जाणार नाही असा, तेव्हा आजोबांचं म्हणणं डोक्यात शिरलं.

(पडद्यावर: रामलिंग मुदगडकडं जाणारा रस्ता, दोन्हीकडं सोयाबीन)

रामलिंग मुदगड, तालुका निलंगा, जिल्हा लातूर. मामांचा जन्म इथला, १९५० चा. म्हणजे बघा, निजामाचं राज्य जाऊन दोनच वर्षं झालेली. मराठवाड्यात तेव्हा काय होतं, ज्वारी होती, तूर होती आणि गावोगावी यात्रा होत्या. यात्रा म्हणलं की फड आला, फड म्हणलं की हलगी आली. पहिल्या कुस्त्या नारळाच्या, रेवड्यांच्या, बारक्या पोरांच्या, मग पाच रुपये, दहा रुपये, आणि ऊन उतरलं की शेवटची मोठी जोड. आजही लातूरला महाशिवरात्रीला सिद्धेश्वराची यात्रा भरते, तिथं कुस्त्या होतात, तिकडं नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोड्यांच्या बाजारासोबत कुस्तीचा फड असतोच असतो. तर अशा मातीतनं हे पोरगं निघालं.

पण निघालं म्हणजे खरंच निघालं. घर सोडून. कारण त्या काळात (आणि आता फार बदललंय असं नाही) मोठा पैलवान व्हायचं तर मराठवाड्यात राहून भागत नव्हतं, कोल्हापूर गाठावं लागायचं. शाहू महाराजांनी तिथं तालमी पोसल्या, १९१२ ला खासबागेचं मैदान उभं केलं, आमच्या वाट्याला निजाम आला, ह्यात आमचा काय दोष. मामा कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत गेले. आता गंमत अशी की कोल्हापूरकर म्हणतात मामा आमचे, पुणेकर म्हणतात आमचे, आणि आमच्याकडची माणसं ह्या विषयावर एकच वाक्य बोलतात, शिकवला त्यांनी असंल, पण ज्वारी आमची हाय.

(पडद्यावर: तालमीचा हौद, एक पोरगं फावड्यानं माती उकरतंय)

तालमीतली माती म्हणजे रानातली ढेकळं नाहीत. लाल माती आणायची, चाळायची, बारीक खडा राहिला तरी पाठ सोलते. मग तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, कापूर घालायचं, मळल्यासारखी कालवायची आणि रोज पहाटे उकरायची, नाहीतर ती दगडासारखी बसते. आम्ही शूटिंगला गेलो तेव्हा साडेपाच वाजले होते, बारा-तेरा वर्षांचं पोरगं एकटंच हौद उकरत होतं, घाम निघालेला, अजून कुस्तीला सुरुवातच नाही. कडेला बसलेल्या म्हाताऱ्यानं मूठभर माती उचलली, दाबली, सोडली, गोळा फुटला नाही तसा म्हणाला पाणी जास्त झालंय आज. पोरगं काही न बोलता परत उकराय लागलं. मग जोर, मग बैठका, मग सपाट्या. मामांनी विशीच्या आत हेच केलं, फक्त कितीतरी पट जास्त.

आणि मग आलं १९६९. महाराष्ट्र केसरी. ही स्पर्धा पहिल्यांदा झाली १९६१ ला औरंगाबादेत, म्हणजे सुरुवातही मराठवाड्यातच, हे कोल्हापूरकरांना जरा हळूच सांगायचं. तर ६९ ला स्पर्धा होती लातूरला. आणि जिंकलं कोण तर लातूरचंच पोरगं, वय १९. घरच्या मैदानावर, घरच्या माणसांसमोर. त्या दिवशी मैदानात होतो असं सांगणारी माणसं आम्हाला एवढी भेटली की ती सगळी खरी असली तर त्या दिवशी लातूरच्या आसपास रानात औत धरायला एक माणूस उरला नसणार. पण असू द्या, असं खोटं बोलायलाही माणूस तेवढा मोठा लागतो.

पुढच्याच वर्षी, १९७० ला, एडिंबरा. कॉमनवेल्थ. मामांनी सुवर्णपदक आणलं. त्या स्पर्धेत भारताला ५ सुवर्णपदकं मिळाली आणि पाचच्या पाच कुस्तीतली. आता हे पोरगं मातीत वाढलेलं, मातीतल्या कुस्तीला घड्याळ नसतं, दोन्ही खांदे जमिनीला लागले की चीत, तोवर चालू द्या. तिकडं मॅट, मिनिटं मोजलेली, पॉइंट, रबरी तळाचे बूट, लंगोटाच्या जागी अंगाला चिकटलेला गणवेश. भल्याभल्या मातीतल्या पैलवानांचा पाय मॅटवर ठरत नाही. ह्यांचा ठरला.

पण तुम्ही गावात जाऊन एडिंबराचं विचारा, लोक मान हलवतात, हो हो मोठं पदक होतं, आणि विषय बदलतात. कुठं? बेळगावला.

(पडद्यावर: पार, तीन-चार म्हातारी माणसं, एकजण उठून उभा राहतोय)

१९७७. बेळगाव. हरिश्चंद्र बिराजदार विरुद्ध सतपाल. सतपाल म्हणजे दिल्लीचा, गुरू हनुमानांचा पठ्ठ्या, तरणाबांड, पुढं १९८२ च्या एशियाडला दिल्लीत सुवर्ण घेतलेला. त्याची तेव्हा दहशत होती, महाराष्ट्रातला पैलवान त्याच्याशी लागला की घरी बायका देव पाण्यात घालायच्या म्हणतात. आणि मामांनी त्याला हरवलं. झालं, एवढीच बातमी. पण ह्या एका बातमीवर आमच्या भागातली दोन पिढ्यांची संध्याकाळ गेलीय.

आम्ही पारावर कॅमेरा लावला आणि म्हणलं आबा, बेळगावची कुस्ती सांगा. आबांनी धोतर खोचलं. बसून सांगता येत नाही म्हणाले, उभं राहावं लागतंय. आधी सलामी दाखवली, मग खडाखडी, गर्दनखेच, एका हातानं समोरच्याची मान ओढायची, दुसऱ्या हातानं मनगट, हे करताना त्यांनी शेजारच्या दुसऱ्या म्हाताऱ्याची मान खरंच धरली, तो कळवळला, हे सोड की माझी मान. मग डाव कुठला लागला ह्यावर वाद. आबा म्हणाले घिस्सा. मान धरलेला म्हणाला घिस्सा कुठला, ढाक होती, माझ्या चुलत्यानं डोळ्यानं बघितली. तिसरा म्हणाला तुम्ही दोघं गप बसा, ते एकलांगीवर सुरू झालं होतं. किती वेळ चालली ह्यावर तर विचारूच नका. एकाचं म्हणणं पंधरा मिनिटं, दुसऱ्याचं पाऊण तास, आणि एकजण सांगायलाय की दिवस मावळायला आला होता आणि पंच म्हणत होते सोडवा सोडवा. आम्ही हा वाद मिटवायच्या भानगडीत पडलो नाही. मिटला तर ही माणसं संध्याकाळी करतील काय?

आणि तेवढ्यात लाइट गेली आणि आमची बॅटरी पण संपली. आबा अर्ध्या डावात, एक पाय पुढं टाकून तसेच उभे. मोटारसायकलवर पोरगं पाठवून दुसरी बॅटरी मागवली. त्यावर नंतर येतो.

(पडद्यावर: पुणे, तालमीचं दार, आत पोरं अंगाला तेल लावतायत)

खेळणं थांबलं की बरेच पैलवान संपतात. पोट सुटतं, गुडघे जातात, कुणीतरी सत्काराला बोलावलं की फेटा बांधून जायचं, नारळ घेऊन यायचं. मामांचं तसं झालं नाही, ते पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत पोरं घडवत बसले. आणि मामा हे नाव तिथं पक्कं झालं. बघा, वस्ताद म्हणलं की धाक आला, सर म्हणलं की शाळा आली. पण मामा म्हणजे आईचा भाऊ, दिवाळीला ज्याच्या घरी जायचं तो. गाव सोडून आलेल्या पोराला तालमीत पहिल्या रात्री रडू येतं, हे कुणी सांगत नाही पण येतं, त्या पोराला मामा म्हणायला माणूस मिळणं ही काय साधी गोष्ट नाही. २००६ ला सरकारनं ध्यानचंद पुरस्कार दिला. चांगलं झालं, जरा उशिरा झालं.

काका पवार लातूरचेच, मामांच्या हाताखाली तयार झाले, अर्जुन पुरस्कार मिळवला आणि पुढं स्वतः पोरं तयार करू लागले. आणि बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचं एक बारीक चणीचं पोरगं मामांकडं आलं, राहुल आवारे. बीड जिल्हा म्हणजे ऊसतोडीचा जिल्हा, अर्धा जिल्हा दिवाळीनंतर कोयता घेऊन बाहेर पडतो, तिथलं हे पोरगं.

(पडद्यावर: काळा पडदा, फोनची रिंग)

१४ सप्टेंबर २०११. आमच्या घरी फोन आला, मी उचलला, पलीकडून एवढंच, मामा गेले. मी फोन धरून तसाच आईकडं वळलो आणि म्हणलं मामा गेले, आणि आई मटकन खालीच बसली, कारण तिला वाटलं तिचा भाऊ. पाच मिनिटं घरात रडारड. मग खरा मामाच दारात आला, डोळे लाल, म्हणतो कळलं का, मामा गेले. आईनं आधी त्याला धरला, मग दोन शिव्या घातल्या, मग कोण गेलं ते कळल्यावर परत रडली. तिनं आयुष्यात एक कुस्ती बघितलेली नाही. हे मी नंतर बऱ्याच जणांना सांगितलं तर दोघंतिघं म्हणाले, आमच्याकडं पण असंच झालं.

मामांचं वय ६१. तीन दिवसांनी १७ सप्टेंबर, मुक्तिसंग्राम दिन, आमच्याकडं झेंडावंदन असतं, त्या वर्षी आमच्या गावात झेंडावंदनानंतर लोक निघालेच नाहीत, शाळेच्या मैदानात घोळके करून उभे आणि सगळ्या घोळक्यांत बेळगाव चाललेलं.

मामा गेले तेव्हा राहुल विशीला टेकलेला. गुरू गेला की पैलवान पोरका होतो ही नुसती बोलायची गोष्ट नाही, डाव कुठं चुकतोय हे सांगणारी नजरच जाते. काका पवारांनी त्याला जवळ केलं. म्हणजे मामांच्या एका पठ्ठ्यानं दुसऱ्याला सांभाळलं.

आणि मग १२ एप्रिल २०१८, ऑस्ट्रेलिया, गोल्ड कोस्ट. कॉमनवेल्थच. ५७ किलोची फायनल, राहुल आवारे विरुद्ध कॅनडाचा ताकाहाशी. १५-७. सुवर्ण. त्यानं ते पदक मामांना अर्पण केलं, ज्यांनी ४८ वर्षांपूर्वी ह्याच स्पर्धेत सोनं घेतलं होतं. इथपर्यंत पेपरात सगळ्यांनी वाचलं असेल. पण त्याच दिवशी, त्याच मॅटवर, ७४ किलोत भारताला अजून एक सुवर्ण मिळालं, सुशील कुमारचं. सुशील कुणाचा पठ्ठ्या? सतपालचा!

बेळगावला जे दोघं एकमेकांची मान धरून उभे होते, त्यांची पोरं ४१ वर्षांनी एकाच दिवशी एकाच झेंड्याखाली उभी राहिली. हे मी पारावर सांगितलं तेव्हा दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग मान धरलेले आजोबा म्हणाले, पण राहुलची फायनल लांबली, त्या दुसऱ्याची लगेच झाली. बरोबर आहे, सुशीलनं दीड मिनिटाच्या आत उरकली होती. आबा लगेच, अरे पण लांबलेली कुस्तीच खरी, बेळगावची किती वेळ चालली होती, सांग बरं. आणि झालं परत सुरू.

(पडद्यावर: पार, अंधार पडलाय, मोटारसायकलचा उजेड)

बॅटरी आली तोवर सात वाजून गेले होते. मच्छर चावायलेत, पोरं घरी गेलेली, आम्हाला पुढं लातूर गाठायचं होतं. आम्ही स्टँड आवरायला घेतला, आबांना नमस्कार केला, म्हणलं झालं आबा आमचं काम, येतो. आबांनी परत धोतर खोचलं, मघाचा पाय मघाच्याच जागी टाकला, आणि म्हणाले, जातोस कुठं, सतपाल अजून पडायचाय.