खडू, पुठ्ठा आणि बंद कारखाना

नमस्कार, श्रोतेहो.

बंद पडलेल्या कारखान्याच्या जागी कलाकारांची वस्ती करायची ठरली, की आधी नकाशा येतो. त्यात स्टुडिओ कुठे, दालन कुठे, सगळं ठरलेलं. मग लोकांना बोलावून विचारतात, रंग कोणता देऊ? याला सहभाग म्हणायला माझं मन धजत नाही. अमेरिकन अभ्यासक शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. अशी नुसती विचारणा त्यांनी नाममात्र सहभागात धरली होती.

खरा सहभाग म्हणजे जे वापरणार, त्यांनीच सुरुवातीपासून बसून आखायचं. याला सहभागी रचना म्हणतात, आणि ही पद्धत कामगारांमध्येच वाढली. स्कँडिनेव्हियात १९८१ ते १९८५ या काळात 'युटोपिया' नावाचा प्रकल्प चालला. छापखान्यातले कामगार आणि संगणकतज्ज्ञ एकत्र बसले. नवं यंत्र अजून हाती नव्हतं, म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्यावर 'लेझर प्रिंटर' असं लिहून ते टेबलावर ठेवलं आणि काम कसं चालेल ते करून पाहिलं. नकाशा सगळ्यांनाच वाचता येतो असं नाही. खोकं मात्र कुणीही उचलून दुसरीकडे ठेवू शकतं.

रिकाम्या शेडमध्येही तेच करावं. फरशीवर खडूने खोल्या आखाव्यात आणि माणसांना त्यात उभं करावं. सुताराची करवत सुरू झाली की पलीकडे गाणं कसं रेकॉर्ड होणार, हे तिथेच कळतं. नाचणारी मुलगी दोनदा पाय आपटून सांगते, या काँक्रीटवर गुडघे जातील, खाली फळ्या टाका. हे कागदावर कुणाला सुचलं असतं?

अ‍ॅमस्टरडॅमची एनडीएसएम ही जहाजबांधणी कंपनी १९८४ साली दिवाळखोरीत गेली. पुढे तिच्या अवाढव्य शेडमध्ये नुसता सांगाडा उभारला. आतली भिंत, दार, खिडकी कलाकारांनी आपापली बांधली. अर्धवट सोडलेली जागा माणसं आपलीशी करतात, म्हणून मला हे काम फार मोलाचं वाटतं.

पण बांधून झाल्यावर भाडं वाढलं तर? वस्ती नावारूपाला आली की भाव चढतो, आणि ज्यांनी ती नावारूपाला आणली तेच आधी बाहेर पडतात. हेलसिंकीच्या केबल फॅक्टरी या जुन्या कारखान्यात कलाकार भाडेकरूंनी वेळीच संघटना केली, स्वतःचा पर्यायी आराखडा मांडला. १९९१ साली इमारत शहराच्या ताब्यात आली आणि तिथली कला टिकली. म्हणून पहिल्या बैठकीला खडूबरोबर भाडेकराराचा मसुदाही न्या, आणि तो मोठ्याने वाचून दाखवा.

नमस्कार.